सोमवारचे डबे

होळी झाली आणि गावातल्या पत्र्यांवर पुन्हा मिरच्या आल्या. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत उन्हाळा आधी डोळ्यांना दिसतो आणि मग नाकात शिरतो. हिरव्या मिरचीचा बाजार होऊन गेलेला असतो. झाडावर राहून लाल झालेली घरच्यासाठी ठेवलेली असते. ती आता जुन्या साड्यांवर, खाटांवर, देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याकडेच्या ओट्यांवर पसरली आहे. दुपारी वारा सुटला की भोकरदनच्या एसटीतून उतरणारा नवखा पाहुणा पिशवी खाली ठेवायच्या आत शिंकतो, आणि पारावरची मंडळी त्याला रामराम करायच्या आधी हसून घेतात.

मला पहिली शिंक आली की मी कंबर कसते. माझी पिठाची गिरणी आहे आणि तिला लागून असलेल्या खोलीत मिरची-मसाल्याचं कांडप. गिरणी वर्षभर चालते, पण कांडपाचे दिवस हेच. वर्षाचं तिखट, वर्षाची हळद, आमटीला लावायचा वर्षाचा येसूर, सगळं गाव या दोन-अडीच महिन्यांत करून ठेवतं. या दिवसांत ज्याचं कांडप बंद, त्याला लोक वेडं म्हणतील.

आज सोमवार आहे, ऐन हंगामातला. गिरणीचं शटर खाली आहे, कांडपाच्या खोलीला कडी आहे आणि मी ओट्यावर लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसले आहे. पायांशी काही डबे रांगेत उभे आहेत. बंद गिरणीसमोर डबे कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही एकेकाळी वाटलं होतं.

नोकरी करणाऱ्याला रजा मागता येते. माझी लेक पल्लवी संभाजीनगरला एका दुकानात हिशेबाचं काम करते. फोनवर मालकाच्या नावानं बोटं मोडते, "आई, रजाच देत न्हाई गं हा मानूस." मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, बाई, तुला निदान न देणारा कुणीतरी आहे. मालकिणीनं रजा मागायची कुणाकडे? स्वतःकडेच अर्ज करायचा आणि स्वतःच तो नामंजूर करायचा, हे मी पुष्कळ वर्षं केलं. माझ्याइतका कडक मालक मला दुसरा भेटला नाही.

पूर्वी हा प्रश्न परस्पर सुटायचा, कारण लाइट जायची. ऐन गर्दीत चक्कीचा आवाज खाली खाली येत थांबायचा, कांडपाची मुसळं हवेत अडकून राहायची आणि कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू बाकीचे आवाज ऐकू यायचे. पिठात टिपायला आलेल्या चिमण्या, देवळातली घंटा, कुणाच्या तरी पायातली जोडवी फरशीवर वाजलेली. "गेली बाई लाइट," असं बाया म्हणायच्या. बोलणं तक्रारीचं असायचं, पण त्या बोलता बोलता भिंतीला टेकायच्या. मी पोत्यांवर आडवी व्हायची. मला कुणी बोल लावायचं नाही, कारण लाइट काही मी घालवलेली नसायची. पुढं लाइट सुधारली. गावाचं भलं झालं आणि माझा आराम गेला.

दुसरा आराम दगडाचा. चक्कीचे दगड चालून चालून गुळगुळीत होतात. मग दाणा दळला जात नाही, चिरडला जातो. पीठ गरम होऊन पडतं आणि त्याची भाकरी थापताना कडेनं फाटते. अशा वेळी चक्की उघडायची, वरचा दगड उतरवायचा आणि छिन्नी-हातोडीनं दोन्ही दगडांवर पुन्हा बारीक खाचा पाडायच्या. याला टाकी लावणं म्हणतात. टाकीच्या दिवशी गिरणी बंद. बाई डबा घेऊन येते, आतली ठकठक ऐकते, "टाकी हाय व्हय?" एवढं विचारते आणि मुकाट परत जाते. उलट चार घरी कौतुक करते, की बाईचं दगडाकडं लक्ष असतं.

माझं माहेर जाफराबादकडचं. आमचे दादा, म्हणजे वडील, सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. महादेवाचा वार, म्हणून नंदीला आराम. शेजारचा मळा पेरून झाला आणि आमचा राहिला, तरी दादा सोमवारी हलले नाहीत. पण त्याच सोमवारी दादा स्वतः काय करत? दावी वळत, औताला पाचर ठोकत, बांधावरच्या बोरी तोडत. आई गोठा लोटायची. बैल सावलीत रवंथ करत दोघांकडे बघत असायचे. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता आठवलं की हसू येतं आणि रागही येतो. बैलाला वार ठरलेला, दगडाला दिवस ठरलेला, आणि ज्यांच्या अंगावर हे सगळं चालतं त्यांच्यासाठी कुणी काही ठरवलेलं नाही.

मला जो उन्हाळा आठवतो आहे तो काही फार जुना नाही. तोंडाला मास्क लावायची सवय लोकांच्या अंगातून नुकती जात होती. मी कांडपावर ओला रुमाल बांधायची, पण ती धूळ रुमालाला जुमानत नाही. त्याच वर्षी स्टँडजवळ एकानं नवं कांडप टाकलं. चकचकीत यंत्र, वर पंखा, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दिवसभर शेतात असतात; पण संध्याकाळी गावातून चक्कर मारून आले की स्टँडवर किती गर्दी होती ते मला न विचारता सांगायचे. मी घाबरले. आणि घाबरले की मी काम वाढवते, हा माझा स्वभाव. गिरणी लवकर उघडायला लागले, उशिरा बंद करायला लागले, जेवण उभ्यानं करायला लागले.

कांडपाची लोखंडी मुसळं वर जाऊन खाली पडतात तेव्हा पायाखालची फरशी हलते. ते हलणं तळव्यातून गुडघ्यात जातं आणि यंत्र बंद झालं तरी गुडघ्यातून निघत नाही. समोर बाया गोल करून बसलेल्या, मिरचीची देठं खुडतात, एक शिंकली की सगळ्या शिंकतात, मग सगळ्या हसतात. खोबरं, धने, दगडफूल, लवंग, भाजलेल्या येसराचा खमंग दरवळ. त्या वासानं रस्त्यानं जाणाऱ्याला भूक लागते. मला त्या वर्षी मळमळायला लागलं. नंतर खोकला लागला. आधी उठल्यावर, मग दिवसभर, मग बोलताना. शेवटी आवाजच बसला. गिरणीवाल्या बाईचा आवाज म्हणजे तिचं निम्मं दुकान, चालत्या चक्कीच्या वर "कुणाचा नंबर?" असं विचारता आलं पाहिजे. मी टाळ्या वाजवून नंबर पुकारायला लागले. बायांना मोठी गंमत वाटली. मीही त्यांच्यात हसून घेतलं.

भोकरदनच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "ताई, ही धूळ आणि हा थकवा, दोन्ही एकदम चालायचं नाही. आठवड्यातून एक दिवस तरी त्या खोलीत पाऊल टाकू नका. नाहीतर पुढं रोजच बंद ठेवायची वेळ येईल."

"सीझन संपू द्या साहेब," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मंग बघते."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मी त्या वेळेवर घेतल्या. गोळी घ्यायला गिरणी बंद करावी लागत नाही, म्हणून.

मग ती दुपार आली. चक्कीत ज्वारी चालू होती आणि कांडपावर शमीमभाभीची मिरची. शमीमभाभी आमच्या मागच्या गल्लीतली, बांगड्यांचं दुकान चालवते. स्वतःची मिरची स्वतःच्या डोळ्यांसमोर कांडून घेणार, त्यात दुसऱ्याची चिमूटभर मिसळू देणार नाही, अशी बाई. तिची मिरची पडत होती तेवढ्यात मी पोत्याला पाठ टेकली. एवढंच आठवतं. त्या धडधडाटात माझा डोळा लागला. चक्कीच्या वर दाणे ओतायची पेटी असते, ती रिकामी झाली. दाणा संपला की दगड दगडाला घासतो, आवाज चिरका होतो आणि जळका वास सुटतो. त्या वासानं गिरणीवाला गाढ झोपेतूनही उठतो. मी दचकून उठले आणि झोपेतच बटणाकडे धावले, तेही मोटरीचा पट्टा फिरतो त्या बाजूनं. पदर खोचलेला नव्हता.

पट्ट्यानं पदर धरला. मला कळलं ते इतकंच, की मान एका बाजूला ओढली गेली. कांडपाच्या खोलीतून धावत आलेल्या शमीमभाभीनं मागून माझ्या कंबरेला मिठी मारली आणि सगळं अंग टाकून खाली बसली. पदर टर्रकन फाटला. आम्ही दोघी पिठात पडलो. फाटलेला तुकडा पट्ट्याबरोबर गरगर फिरत राहिला, भाभीनं उठून लाल बटण दाबेपर्यंत.

तिचे डोळे लालभडक झाले होते. मिरचीनं की रडू आल्यानं, ते सांगता येत नव्हतं.

"वैनी," ती म्हणाली, "मरायचं हाय का तुला? बिलकुल झोपेत चालून राह्यली तू."

"भाभी, तुमची मिरची राह्यली," मी म्हटलं. खरंच, तोंडातून पहिलं हेच निघालं.

"आग लागू दे मिरचीला. तू आधी बस."

मी बसले. मला भयंकर भीती वाटली होती. संध्याकाळी भाकरी परातीतून उचलताना दोनदा मोडली. इतके दिवस मला स्टँडवरच्या कांडपाची भीती वाटत होती. त्या संध्याकाळी दोन्ही भीती शेजारी ठेवून बघितल्या आणि कुठली खरी ते मला समजलं. गिऱ्हाईक गेलं असतं तर मी राहिले असते. मी गेले असते तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डबा घेऊन स्टँडवर गेलं असतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं असतं? घरात पीठ तर लागतंच.

जेवताना ह्यांना म्हटलं, "सोमवारी गिरणी बंद."

"कोन्त्या सोमवारी?"

"सगळ्या."

"सीझनमधी?"

"सीझनमधीच."

ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, लोक स्टँडवर जातीन."

"जाऊ द्या."

"मंग सोमवारी मी बसत जातो."

माणूस वाईट नाही, हे मी कधीच नाकारलं नाही. पण ह्यांना पिठात बोट घालून जाड-बारीक कळत नाही, आणि घर गिरणीला लागून आहे. "तुम्ही बसले तरी बाया मलाच हाका मारतीन," मी म्हटलं. "बंद म्हंजी बंद."

पहिला सोमवार मला अजिबात जमला नाही. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, तेच येत नव्हतं. आडवी झाले, उठले. कानात मुसळं वाजतच होती. रिकामे डबे घासले, जे घासायची काही गरज नव्हती. एक गोधडी उसवायला घेतली. दुपारी पाय आपोआप गिरणीकडे वळले. म्हटलं, चालवायची नाही, नुसती झाडून घेऊ. शटरसमोर जाऊन उभी राहिले, तर त्यावर खडूनं लिहिलेलं होतं, "आज टाकी आहे. गिरणी बंद." अक्षर ह्यांचं.

मी तिथंच उभी राहिले आणि मला इतका राग आला की खोकलाही आला. दगड थकला तर तो चारचौघांत सांगायचा, आणि मी थकले तर ते दगडाच्या नावावर खपवायचं. मी पदराच्या शेवानं ते सगळं पुसून टाकलं. तेवढ्यात हे शेतातून आले.

"कामून पुसलं?"

"खोटं हाय म्हून. टाकी आत्ताच तर लावली. दगड बराबर हाय."

"मंग लोकायला काय सांगायचं?"

"मी आराम करून राह्यले म्हून सांगा."

"असं कोनी सांगतं का?"

ह्यांचं बरोबर होतं. असं कुणी सांगत नाही. मी आमच्या बाजारातली सगळी दुकानं मनात फिरून आले. दुकान बंद असण्याची कारणं म्हणजे लग्न, मयत, देवाला जाणं, नाहीतर दवाखाना. किराणावाला गावाला गेलेला असतो, न्हाव्याच्या घरी पाहुणे आलेले असतात. "मी दमलो, म्हणून आज बसलो आहे," असं सांगणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता. आजारी पडायची मुभा आहे, मरायचीही आहे. त्याच्या अलीकडं थांबायला मात्र काहीतरी निमित्त लागतं. मी ह्यांच्या खिशातून खडू काढून घेतला आणि शटरवर लिहिलं, "सोमवारी मालकिणीचा आराम. गिरणी उद्या." अक्षर वाकडं आलं, पण लांबून वाचता येत होतं.

गावात दोन-तीन दिवस तोच विषय होता. बाया समोर हसायच्या. कुणी म्हणालं, मालकीणबाई आता साहेब झाल्या. कुणी विचारलं, आराम म्हणजे काय करता हो? मी खरं ते सांगितलं, की अजून शिकते आहे. दुसऱ्या सोमवारी मी ओट्यावर बसून चहा गरम असताना पूर्ण प्यायले. पुढच्या सोमवारी दुपारी झोप लागली आणि जाग आली तेव्हा गालावर चटईची वेलबुट्टी उमटली होती. कानातली मुसळं कधी थांबली ते कळलंही नाही.

पण खरी परीक्षा पाटलांच्या हळदीनं घेतली. गावातलं मोठं घर. त्यांची हळद, तिखट, मसाला, सगळं सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडं. त्यांच्या घरी लग्न निघालं आणि एका सोमवारी सकाळी त्यांचा पुतण्या मोटारसायकलवर हळकुंडांची गोणी बांधून आला. मी न्हाऊन, केस मोकळे सोडून ओट्यावर बसले होते.

"काकू, शटर उघडा. जल्दी हाय जरा."

"आज सोमवार हाय भाऊ. उद्या उजाडल्या उजाडल्या पहिला नंबर तुमचा."

"टाकी हाय का?"

"न्हाई. दगड बराबर हाय. मी बंद हाय."

त्यानं शटरवरची अक्षरं वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "बसल्याच तर हायेत तुम्ही."

"बसलेच हाय. बसन्यासाठीच बंद ठेवलं."

"घरचे लोक हाव ना काकू आपन?"

"म्हून तर खरं सांगून राह्यले."

त्यानं गोणीची दोरी ओढून बघितली. मग गाडीला किक मारत म्हणाला, "मंग स्टँडवर नेतो."

"न्या," मी म्हटलं.

शब्द सहज निघाला, पण गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी तिकडेच बघत होते. उठून आत गेले, पाणी प्यायले, पुन्हा बाहेर आले. एकदा वाटलं, कुणाला तरी धाडून त्याला परत बोलवावं. फक्त आजच्या दिवस. मग मला तो पट्ट्याबरोबर फिरणारा तुकडा दिसला. हिरव्या रंगाचा होता, त्याला जरीचा काठ होता. मी ओट्यावरच बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. संध्याकाळी ह्यांना बातमी आधीच कळली होती. ते जेवले आणि माझ्याकडे न बघता अंगणात जाऊन बसले.

पाटलांचं घर त्यानंतर आजपर्यंत माझ्याकडं आलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. आराम करा, धंदा दुप्पट होईल, असं मोबाइलवर सांगणारे हसरे लोक मी पाहिले आहेत. माझा धंदा दुप्पट झाला नाही. काही गिऱ्हाईक गेलं, त्यातलं थोडं परत आलं, बाकीचं गेलं ते गेलंच. माझा आवाज मात्र परत आला. मंगळवारी सकाळी चक्की सुरू केली की दगड कसा बोलतो आहे ते मला पुन्हा नीट ऐकू यायला लागलं. पदर खोचल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही, आणि न खोचता धावायची वेळही मग आली नाही. माझ्या लेखी हा सौदा बरा झाला.

त्या उन्हाळ्याची शेवटची आठवण गयामावशीची आहे. वरच्या आळीतल्या मोठ्या खटल्यातली ती थोरली सून. नातवंडं झाली तरी घरात तिला अजून सगळे थोरलीच म्हणतात, आणि थोरलीच्या वाट्याचं सगळं काम अजून तिच्याकडंच आहे. सोमवारी भर दुपारी ती डोक्यावर डबा घेऊन आली आणि डबा ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता हिच्याशी वाद घालायचा.

"मावशी, आज सोमवार हाय. मी न्हाई उघडनार."

"उघड म्हनलं का मी तुला?" ती म्हणाली. खांबाला टेकून बसली, पाय लांब केले, डोक्यावरचा पदर सैल केला. "सोमवार हाय ते म्हाईत हाय मला."

"मंग डबा कामून आनला?"

तिनं डोळे मिटून घेतले होते. "डब्याबिगर घरून कोन निघू देतं, बाई?"

ती तिथंच झोपली. तोंड थोडं उघडं, हात उताणे, वाऱ्यानं लिंबाचा पाला तिच्या लुगड्यावर पडत होता. मी तिच्याकडे बघत बसले आणि इतक्या वर्षांची माझी गिरणी मला पहिल्यांदा दिसली. मी समजत होते की बाया माझ्या ओट्यावर ताटकळतात, म्हणून मी हात पळवत होते. पण "घे गं, तू आधी घे," असं म्हणून आपला नंबर मागं ढकलणाऱ्या त्याच होत्या. देठं खुडून झाली तरी खुडल्यासारखं करत बसणाऱ्या त्याच होत्या. लाइट गेली की भिंतीला टेकणाऱ्याही त्याच. या गावात बाईला नुसतं बसायला जागा नाही. नंबर लावून बसायला आहे. ती मी चालवत होते आणि मलाच माहीत नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मावशी उठली. डबा डोक्यावर द्यायला मी हात लावला, तर तो हलका लागला. रिकामा होता.

"मावशी, यात तर काहीच न्हाई."

"भरलेला कामून वाहू उगाच?" पदर सारखा करत ती म्हणाली. "घरी सांगते, लय गर्दी होती. नंबरच न्हाई लागला."

त्याला आता काही उन्हाळे झाले. परवा बाजारात स्टँडवरचा तो कांडपवाला भेटला. त्याचे डोळे लाल, आवाज घोगरा, बोलता बोलता तोंडावर रुमाल. मी म्हटलं, "भाऊ, एक दिवस बंद ठेवत जा." तो हसला. "कसं ठेवू काकू? तुमचं सोमवारचं गिऱ्हाईक माझ्याकडंच येतं ना." मी म्हटलं, "मंग मंगळवारी ठेव. तुझं मी सांभाळते." तो पुन्हा हसला, पण या वेळी थोडा विचारात पडल्यासारखा. ठेवील की नाही माहीत नाही. तो भेटेल तेव्हा मी सांगत राहणार आहे.

ह्यांनी शटरवरची माझी वाकडी अक्षरं गेल्या वर्षी रंगानं गिरवून दिली. स्वतःहून, मला न विचारता. खडू पावसात जातो म्हणाले.

आज ओट्यावर सावली चांगली आली आहे. शमीमभाभीनं दुकानाला कुलूप घातलं आहे आणि ती पाय पसरून डब्याला टेकली आहे. तिच्या डब्यात काय आहे ते मी विचारत नाही. गयामावशी खांबाजवळच्या तिच्या जागेवर आहे. पत्र्यांवर मिरच्या तापल्यात, अधूनमधून कुणीतरी शिंकतं. आताच रस्त्यानं एक नवी सून आली, याच लग्नसराईत गावात आलेली. डोक्यावर ज्वारीचा भरलेला डबा, चालणं घाईचं. शटर बघून थबकली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "टाकी हाय का आज?"

मी उत्तर देणार, त्याच्या आधी गयामावशी डोळे न उघडता बोलली.

"न्हाई, बाई. आज आमी बंद हाव. ठेव डबा, बस."

मुलीनं एकदा मागं घराच्या रस्त्याकडे पाहिलं. मग डबा उतरवून रांगेत शेवटी ठेवला, आणि आमच्या शेजारी बसली.